परावलंबी गाठ

शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांना कुत्र्यांच्या प्रोस्टेटमध्ये गाठी नकोच होत्या. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ते या ग्रंथीतून झरणाऱ्या द्रवाचा अभ्यास करत होते. ग्रंथी मूत्रमार्गापासून वेगळी करून तिचा स्राव दिवसेंदिवस मोजता येईल, अशी एक शस्त्रक्रिया त्यांनी कुत्र्यांवर बसवली होती. म्हातारपणी प्रोस्टेट वाढण्याचा त्रास माणसाप्रमाणे कुत्र्यालाही होतो. त्यामुळे मधूनच एखादं वयस्क कुत्रं गाठीचं निघे आणि आठवड्यांच्या मोजमापांवर पाणी पडे. वैतागून टाकणारा प्रकार होता. पण अशा कुत्र्यांची वृषणं काढली तेव्हा थोड्याच दिवसांत गाठी आक्रसलेल्या दिसल्या. स्त्रीहार्मोन टोचलं तरी तेच घडलं. ज्या गाठी प्रयोग बिघडवत होत्या, त्याच आता प्रयोगाचा विषय झाल्या.

हगिन्स मूळचे कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचे. शिकागो विद्यापीठाच्या नव्याकोऱ्या वैद्यकशाखेत १९२७ साली ते शल्यचिकित्सक म्हणून आले. मूत्रविकारांचा विभाग त्यांच्या गळ्यात पडला, तेव्हा त्या विषयाचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. ते पुस्तकं वाचून शिकले. त्या शाखेतली पिढीजात मतं त्यांच्या अंगात मुरली नव्हती, हा त्यांचा मोठाच फायदा झाला असावा, असं मला वाटतं.

प्रोस्टेट आणि वृषणं यांचं नातं काही त्यांनी शोधलं नव्हतं. वृषणं काढलेल्या प्राण्यांत ही ग्रंथी लहानखुरी राहते, हे लंडनच्या जॉन हंटर यांनी १७८६ मध्येच नोंदवलं होतं. १८९५ मध्ये फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट लघवी अडलेल्या म्हाताऱ्यांची वृषणं काढून प्रोस्टेटची साधी वाढ कमी करू पाहत होते. पण साधी वाढ वेगळी आणि कर्करोग वेगळा. कर्करोग म्हणजे शरीराची शिस्त झुगारून दिलेली, कुणाचं न ऐकणारी, स्वयंभू वाढ. तिला हार्मोनचा लगाम कसा लागेल? त्या काळच्या वैद्यकात हे जवळजवळ गृहीतच होतं.

हे गृहीत तपासायला हगिन्स यांच्या हाती एक तराजू आला होता. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी दाखवलं होतं, की प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला की ॲसिड फॉस्फटेज नावाचं विकर रक्तात वाढतं. म्हणजे हाडांतली गाठ डोळ्यांना दिसली नाही, तरी तिची हालचाल रक्ताच्या थेंबात मोजता येणार होती. हगिन्स आणि त्यांचे तरुण सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी पसरलेला कर्करोग असलेल्या पुरुषांची वृषणं काढली आणि रक्त तपासलं. फॉस्फटेज घसरलं. काही जणांना उलट पुरुषी हार्मोन टोचून पाहिलं, तर ते चढलं. १९४१ मध्ये त्यांनी हे सगळं प्रसिद्ध केलं. २१ रुग्णांच्या त्या मालिकेत बहुतेकांना आराम पडला. हाडांच्या वेदनेनं मॉर्फिनवर दिवस काढणारी माणसं जेवू लागली, वजन धरू लागली, उठून बसली. पहिला निकाल हाती आला त्या रात्री मैलभर चालत घरी जाताना छातीतली धडधड थांबेना, म्हणून वाटेत दोन-तीनदा बसावं लागलं, असं हगिन्स पुढे सांगत.

त्यांनी काय सिद्ध केलं, ते नीट ध्यानात घ्यायला हवं, कारण वैद्यकजगत पुढे नेमकं तेच विसरलं. एक उपचार सापडला, एवढ्यावर हे थांबत नाही. कर्करोगाची पेशी स्वयंभू असतेच असं नाही, ज्या अवयवातून ती उपजली त्याच्या सवयी आणि गरजा तिला सुटलेल्या नसतात, हे त्यांनी दाखवलं होतं. गाठ परावलंबी होती.

१९६६ मध्ये हगिन्स यांना पेटन राउस यांच्याबरोबर नोबेल मिळालं. स्टॉकहोमच्या व्याख्यानात त्यांनी जुन्या २१ जणांचा हिशेब दिला: चौघे बारा वर्षांहून जास्त जगले. उरलेल्या सतरा जणांचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता.

त्यांचं जे झालं, ते आजही दवाखान्यात रोज दिसतं. वृषणं बंद केल्यावर पसरलेला आजार दबतो, दीड-दोन वर्षं, कधी त्याहून बरीच जास्त, आणि मग पुन्हा डोकं वर काढतो. रक्तात टेस्टोस्टेरॉन जवळपास नाही, आणि तरीही गाठ वाढते आहे. या अवस्थेला वैद्यकानं जी नावं दिली, त्यांचा अर्थ ‘हार्मोनला दाद न देणारा’ किंवा सरळ ‘पुरुषी हार्मोनपासून स्वतंत्र’ असा होता. हगिन्स यांनी ज्या ‘स्वयंभू’ शब्दाला पुढच्या दारानं बाहेर काढलं होतं, तो मागच्या दारानं पुन्हा आत आला.

खुद्द हगिन्स यांचा मात्र त्यावर विश्वास नव्हता. किल्ल्याला वेढा घातला, मोठी रसद तोडली, आणि तरीही आतले लोक महिनोन्महिने तग धरून आहेत, तर शहाणा सरदार आतल्यांना अन्नच लागत नाही असं म्हणत नाही, तो चोरदिंडी शोधतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथी थोडं पुरुषी हार्मोन बनवतात, हे ठाऊक होतं. १९४५ मध्ये हगिन्स आणि विल्यम स्कॉट यांनी चार रुग्णांच्या दोन्ही ॲड्रिनल काढून टाकल्या. या ग्रंथींवाचून माणूस जगत नाही, आणि त्यांची उणीव भरून काढणारं कॉर्टिसोन तेव्हा मिळत नव्हतं. रुग्ण थोड्याच काळात दगावले. आज ही नोंद वाचताना अंगावर काटा येतो. तर्क बरोबर होता, हत्यार मात्र भयंकर होतं. पुढे कॉर्टिसोन आल्यावर ही शस्त्रक्रिया पुन्हा करून पाहिली गेली, काहींनी मेंदूतळाची पिट्युटरीही काढली. काही जणांना तात्पुरता आराम पडे, टिकत नसे. हळूहळू सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की गाठ स्वतंत्र झाली आहे, आता हार्मोनच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

मग चार दशकं बुद्धी कुठे खर्ची पडली? वृषणं बंद करण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांवर. लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ मध्ये बनवलेलं स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्रीहार्मोन गोळीतून देता येई, स्वस्तही होतं. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी दाखवून दिलं, की रोजच्या पाच मिलिग्रॅमला कर्करोग दबतो खरा, पण हृदयविकारानं माणसं जातात. पुढे अँड्र्यू शॅली यांनी मेंदूकडून पिट्युटरीला जाणाऱ्या निरोपाचा रेणू उलगडला, १९७७ च्या नोबेलात वाटेकरी झाले, आणि त्या रेणूची नक्कल करणारं इंजेक्शन १९८५ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. चाकूची गरज संपली, पुरुषांची लाज वाचली. गाठीच्या उलटण्याबद्दल मात्र यातून काहीच नवं कळलं नाही.

पुरावा मात्र सगळ्यांसमोर होता. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या फाउलर आणि व्हिटमोर यांनी पसरलेल्या कर्करोगाच्या ५२ रुग्णांना टेस्टोस्टेरॉन दिल्याचा अनुभव मांडला. ४५ जणांचा आजार बिघडला, बहुतेकांचा महिन्याभरातच. यांत हार्मोन-उपचारांनंतर आजार उलटलेलेही पुष्कळ होते. ज्याला हार्मोन लागतच नाही, त्याला हार्मोन दिल्यानं फरक पडायला नको होता. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन आयझॅक्स आणि डोनाल्ड कॉफी यांनी उंदरांतल्या गाठींवर काम करून वेगळा प्रश्न विचारला. उपासमारीत पेशी बदलतात, की आधीपासून गर्दीत मिसळलेल्या काटक पेशी मागे उरतात? त्यांचं उत्तर दुसऱ्या बाजूचं होतं: निवड होते, काटक तेवढ्या उरतात. निबंध मोलाचा होता. पण काटक म्हणजे हार्मोन न लागणारी, असा सोयीचा अर्थही त्यातून सहज काढता येत होता.

सगळ्यात ढळढळीत पुरावा तर रुग्णांच्या फायलींतच होता. १९८६ पासून आजारावर नजर ठेवायला पीएसए या प्रोस्टेटच्या पेशींत बनणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी वापरात आली. आज साठी ओलांडलेल्या पुष्कळ मराठी घरांत हा आकडा साखरेच्या आकड्याइतकाच ओळखीचा आहे. आजार उलटला हे कळतं तेच मुळी पीएसए चढल्यामुळे. आता पीएसए बनवणारं जनुक पेशीत कोण चालू करतं? पुरुषी हार्मोनचा ग्राहक, म्हणजे अँड्रोजेन रिसेप्टर. टेस्टोस्टेरॉन किंवा त्याचं अधिक जोमदार रूप असलेलं डीएचटी या ग्राहकात बसतं, ग्राहक केंद्रकात जातो आणि जनुकांना कामाला लावतो. पीएसए त्यांतलंच एक. म्हणजे ‘हार्मोनपासून स्वतंत्र’ असा शिक्का बसलेल्या रुग्णाचा पीएसए चढतो, तेव्हा गाठ दर महिन्याला लेखी कळवत असते, की माझा ग्राहक चालू आहे. डॉक्टर आकडा वाचत होते आणि त्यातला निरोप चुकवत होते. शहाण्या माणसांच्या डोळ्यांवर एखादा शब्द झापड कशी ओढतो, याचं याहून बोलकं उदाहरण मला वैद्यकाच्या इतिहासात फारसं आठवत नाही.

झापड सैल झाली ती एका पेशीवाणामुळे. बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत १९७७ मध्ये एका पन्नाशीच्या रुग्णाच्या लसिकाग्रंथीतून काढलेल्या पेशी काचपात्रात वाढवल्या गेल्या. एलएनकॅप हे त्यांचं नाव, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत त्या आजही वाढतात. त्यांची एक खोड होती: ज्या औषधांनी हार्मोनची वाट अडवायची, त्यांनीच त्या जोमानं वाढत. १९८८ मध्ये ग्राहकाचं जनुक हाती आलं आणि १९९० मध्ये रॉटरडॅमच्या चमूनं कोडं सोडवलं. या पेशींतल्या ग्राहकाची एकच कडी बदलली होती. तेवढ्यानं कुलूप इतकं सैल झालं होतं, की स्त्रीहार्मोन, प्रोजेस्टेरॉन, शिवाय अडसर म्हणून घातलेलं औषध, काहीही किल्ली म्हणून चालत होतं.

हे काचपात्रातलं कुतूहल राहिलं असतं, पण १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या केली आणि शेर यांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. फ्लुटामाइड हे ग्राहक अडवणारं औषध घेत असताना ज्यांचा आजार वाढला, त्यांच्यापैकी काहींचं ते औषध नुसतं थांबवलं, तर पीएसए उतरला. औषध बंद करणं हाच उपचार! कुंपणच शेत खात होतं.

दोन वर्षांनी फिनलंडच्या टांपेरेहून टापिओ विसाकोर्पी यांचा निबंध आला. ग्राहकाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणजे पुरुषाला ते आईकडून एकदाच मिळतं. उलटलेल्या २३ गाठींपैकी सात गाठींत या एका जनुकाच्या ढीगभर प्रती झालेल्या होत्या. त्याच रुग्णांच्या उपचारापूर्वीच्या गाठींत एकातही हे नव्हतं. ज्याला अन्न लागत नाही, तो घरात शंभर वाडगी कशाला मांडून ठेवेल? थेंबभर हार्मोनही वाया जाऊ नये, म्हणूनच ही तजवीज होती. त्याच वर्षी बोस्टनच्या मेरी-एलन टॅप्लिन आणि सहकाऱ्यांना हाडांत पसरलेल्या दहा गाठींपैकी पाचांत ग्राहकाच्या जनुकात बदल सापडले.

तरीही शब्द हलला नाही. तो हलवायला दुसऱ्या कर्करोगाकडून धडा यावा लागला. लॉस अँजेलिसचे चार्ल्स सॉयर्स मुळात रक्ताच्या कर्करोगाचे माणूस. ग्लिव्हेक या गाजलेल्या गोळीला रुग्ण दाद देईनासे होतात तेव्हा गाठ नवा मालक शोधत नाही, जुन्याच प्रथिनात बदल करते किंवा तेच जास्त बनवते, हे त्यांनी २००१ मध्ये दाखवलं होतं. प्रोस्टेटमध्येही असंच असेल का? त्यांच्या प्रयोगशाळेनं माणसाच्या गाठी उंदरांत वाढवल्या. दाद देणारी आणि न देणारी अशा सात जोड्या जमवल्या आणि हजारो जनुकं ताडून पाहिली. सातही जोड्यांत सातत्यानं वाढलेलं जनुक एकच निघालं: ग्राहकाचं. २००४ चा तो निबंध आणखी एक गोष्ट सांगत होता. ग्राहक नुसता संख्येनं वाढला, तरी अडवणारं औषध त्याला थोडं थोडं चालू करू लागतं. जुनी औषधं का फसत होती, ते यातून कळलं. मग रसायनशास्त्रज्ञ मायकेल जुंग यांच्याबरोबर जवळपास दोनशे रेणू घडवून-पारखून झाले. त्यांतून पुढे आलेलं एन्झालुटामाइड २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. जवळपास बाराशे रुग्णांच्या चाचणीत आयुष्याचा मध्यांक १३.६ महिन्यांवरून १८.४ वर गेला. पाच महिने. आकडा लहान वाटतो, पण हे रुग्ण केमोथेरपीही संपवून बसलेले होते.

दरम्यान हगिन्स यांची चोरदिंडी लंडनमध्ये सापडली होती. हा धागा एका बुरशीच्या औषधापासून सुरू होतो. कीटोकोनॅझोल घेणाऱ्या काही पुरुषांची छाती वाढलेली दिसली, म्हणजे पुरुषी हार्मोन कुठेतरी खुंटत होतं. टोरोंटोच्या जॉन ट्रॅक्टनबर्ग यांनी १९८०च्या दशकात तेच औषध मोठ्या मात्रेत प्रोस्टेटच्या रुग्णांना दिलं. ते चाले, पण सोसत नसे. लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेत माइक जार्मन, एलेन बॅरी आणि जेरी पॉटर यांनी ठरवून एका विकरावर नेम धरला. या विकरावाचून ना वृषणांत पुरुषी हार्मोन बनतं, ना ॲड्रिनलमध्ये. १९९५ मध्ये रेणू तयार होता: अबिराटेरॉन. आणि मग तो फडताळात पडून राहिला. एका कंपनीनं घेतला आणि परत केला. हार्मोनपासून स्वतंत्र झालेल्या गाठीसाठी हार्मोन तोडणारं औषध कोण विकत घेणार? शब्दाची किंमत रुग्णांनी मोजली ती अशी, वर्षांच्या हिशेबात.

अखेर योहान डी बोनो यांच्या चमूनं ते सगळे हार्मोन-उपचार थकलेल्या रुग्णांना दिलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पहिल्या चाचणीत रुग्ण किती होते? २१. योगायोगच, पण मला तो आवडतो. अनेकांचा पीएसए निम्म्याहून खाली आला. १९४५ मध्ये दोन ग्रंथी काढून जे साधायचं होतं, ते गोळ्यांनी साधत होतं, आणि त्याहून पुढचंही साधत होतं. कारण याच सुमारास सिएटलमध्ये मृत्यूनंतर काही तासांतच, कुटुंबाच्या संमतीनं, गाठींचे नमुने घेऊन तपासले जात होते, आणि त्यांत दिसलं की उलटलेली गाठ बाहेरच्या हार्मोनची वाट पाहत बसत नाही. हार्मोन घडवणारी विकरं ती स्वतःच बनवू लागते. रक्तात दुष्काळ आणि गाठीत मात्र चूल पेटलेली. अबिराटेरॉन ती चूलही विझवतं. २०११ मध्ये ते मंजूर झालं.

तेव्हा कुठे नाव बदललं. आजच्या इंग्रजी नावाचं सरळ मराठी करायचं तर ‘खच्चीकरणाला न जुमानणारा कर्करोग’. बैलाच्या संदर्भात ऐकलेला हा शब्द रुग्णासमोर उच्चारायला डॉक्टर कचरतात, आपल्याकडे तर ‘हार्मोनचं इंजेक्शन’ यावरच भागवलं जातं. पण नाव कितीही ओबडधोबड असो, ते खरं आहे. वृषणं बंद करूनही आजार वाढतो, एवढंच ते म्हणतं. गाठ स्वतंत्र झाली असा दावा ते करत नाही.

गोष्ट इथे संपती तर हगिन्स जिंकले, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण वेढा आवळला तसे आतलेही बदलले. काही गाठी ग्राहकाची आखूड आवृत्ती बनवू लागल्या. ज्या भागात हार्मोन बसायचं तो भागच तोडलेला, आणि उरलेला तुकडा कायमचा चालू. कुलूपच काढून टाकलेल्या दाराला किल्ली कसली आणि अडसर कसला? २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या इमॅन्युएल अँटोनाराकिस आणि जुन लुओ यांनी रक्तात फिरणाऱ्या गाठपेशींत अशी एआर-व्ही ७ नावाची आवृत्ती शोधली. एन्झालुटामाइड सुरू करणाऱ्या ३१ जणांपैकी ३९ टक्क्यांत ती होती, आणि त्यांपैकी एकाचाही पीएसए अपेक्षेप्रमाणे उतरला नाही.

तरी इथपर्यंत मालक तोच होता. पुढचा बदल मुळावरचा. आरबी १ आणि टीपी ५३ ही दोन पहारेकरी जनुकं गमावलेल्या काही गाठी, ग्राहकाची वाट पुरती बंद झाल्यावर, प्रोस्टेटपणच टाकून देतात. २०१७ मध्ये दोन चमूंनी एकाच वेळी हे दाखवलं. त्यांतला एक सॉयर्स यांचाच होता. पेशी आपली मूळ ओळख पुसून चेतापेशींसारखं रूप घेते आणि फुप्फुसातल्या लहान पेशींच्या कर्करोगासारखी दिसू लागते. तिला ग्राहक लागत नाही, ती पीएसएही बनवत नाही. यकृत गाठींनी भरत असतं आणि रक्तातला आकडा शांत पडून असतो. आकड्यावर विसंबलेला डॉक्टर इथे फसतो, म्हणून आकडा आणि स्कॅन जुळेनासे झाले, की नव्यानं तुकडा काढून पाहावा लागतो. आयझॅक्स आणि कॉफी यांच्या प्रश्नाचं एकेरी उत्तर इथे पुरत नाही. निवडही होते आणि रूपांतरही.

सिएटलच्या त्याच शवतपासण्यांतून एक हिशेब निघाला आहे. १९९८ ते २०११ या काळात दगावलेल्यांच्या सुमारे ८८ टक्के गाठींत ग्राहक शाबूत होता. २०१२ ते २०१६ मध्ये, म्हणजे नवी औषधं सर्रास मिळू लागल्यावर, ते प्रमाण सुमारे ६३ टक्क्यांवर आलं. जे नाव साठ वर्षं बहुतेक रुग्णांच्या बाबतीत चुकीचं होतं, ते आता थोड्यांच्या बाबतीत खरं होऊ लागलं आहे, आणि तेही आपल्या औषधांच्या रेट्यामुळे.

बाल्टिमोरमध्ये आयझॅक्स अजून त्याच गाठीमागे होते. ग्राहकांची रेलचेल करून बसलेल्या, उपाशीपणाला सरावलेल्या पेशीवर अचानक हार्मोनचा पूर लोटला तर? भरल्या ताटानंही उपवाशाचा घात होतो. सॅम्युअल डेनमीड यांच्याबरोबर हा विचार माणसांपर्यंत गेला आणि २०१५ मध्ये १६ रुग्णांचा अनुभव छापून आला. वृषणं बंद ठेवणारं इंजेक्शन चालूच ठेवायचं आणि दर २८ दिवसांनी वर ४०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचायचं; पातळी आभाळाला भिडते आणि महिना संपेपर्यंत पुन्हा तळाला येते. ज्यांची तपासणी पूर्ण होऊ शकली त्या १४ जणांपैकी सात जणांचा पीएसए उतरला. हे अजून नेहमीच्या उपचारांत आलेलं नाही, आणि हाडदुखी असलेल्या माणसावर ते करून पाहणं धोक्याचं आहे. १९४१ मध्ये शिकागोत फॉस्फटेज चढवणारी सुई ती हीच.